वाचकांचे प्रश्न: कल्चरमध्ये सगळीकडे ‘आर’, मग जखमेवर लावायचं काय?

मागच्या अंकात मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर लेख होता. त्यावर नागपूर आणि आसपासच्या गावांतून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू जखमेवरच्या आणि वॉर्डातल्या जंतुनाशकांना तरी दाद देतात का, आणि ते तपासायचं कसं. म्हणून हा अंक त्याच प्रश्नांना दिला आहे. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. कोणत्या रुग्णाला काय लावायचं हा निर्णय त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांचाच.

बाबांना पंधरा वर्षांपासून शुगर आहे. डाव्या अंगठ्याखालची जखम तीन महिन्यांपासून भरूनच नाही राहिली. आता कल्चरच्या रिपोर्टात क्लेबसिएला निघाला आणि दोन औषधं सोडून सगळीकडे ‘आर’. एवढी भारी औषधं चालत नाहीत, तर रोज ड्रेसिंगला लावतो ती बीटाडीन तरी काही कामाची आहे का? (एक मुलगा, इतवारी)

कामाची आहे, पण तिच्याकडून काय मागायचं ते समजून घ्या. कल्चर म्हणजे जखमेतले जंतू वाढवून केलेली तपासणी. तिच्या रिपोर्टातला ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे रोधी) फक्त प्रतिजैविकांविषयी बोलतो. गोळी किंवा इंजेक्शनातून शरीरात जेवढं औषध सुरक्षितपणे पोहोचतं, तेवढ्याने हा जंतू आवरणार नाही, इतकाच त्याचा अर्थ. प्रतिजैविक जंतूच्या एखाद्या ठरावीक जागेवर घाव घालतं. जंतूने ती जागा बदलली किंवा औषध तोडणारं विकर बनवलं की औषध निकामी. एनडीएम नावाचं विकर मेरोपेनेम हे भारी प्रतिजैविक तोडतं ते असं. बीटाडीनमधलं आयोडीन मात्र जंतूच्या प्रथिनांवर, पटलावर, न्यूक्लिइक आम्लावर एकदमच तुटून पडतं. एखाद्या विकराने तिथे काही साधत नाही.

क्लोरहेक्झिडीन या दुसऱ्या जंतुनाशकाची गोष्ट थोडी वेगळी. ते पटल फाडतं, आणि काही जंतूंकडे ते बाहेर फेकणारे पंप असतात. स्टॅफिलोकॉकसमध्ये ‘क्यूएसी’ जनुकांमुळे असे पंप तयार होतात. तरीही हिशेब करून पाहा. अशा कणखर क्लेबसिएलाची वाढ थांबायला मिलीलीटरला ६४ मायक्रोग्रॅम लागतात असं धरू. २ टक्क्यांच्या द्रावणात मिलीलीटरला २०,००० मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे गरजेच्या तीनशेपट. पण जखम धुवायला वापरतात त्या ०.०५ टक्क्यांच्या द्रावणात ते ५०० मायक्रोग्रॅमच उरतात, म्हणजे जेमतेम आठपट. त्यात पू आणि रक्त मिसळलं की ही आठपटही झपाट्याने आटते. खरा धोका या पातळ द्रावणांत आहे. क्लोरहेक्झिडीनच्या कमी मात्रेत प्रयोगशाळेत वाढवलेल्या क्लेबसिएलाच्या काही वाणांनी पुढे कोलिस्टिन या शेवटचा उपाय म्हणून राखलेल्या प्रतिजैविकालाही दाद दिली नाही, हे संशोधनात दिसलेलं आहे. म्हणून अंदाजाने पाणी घालून पातळ करणं बंद करा.

आता बीटाडीन. १० टक्के पोविडोन आयोडीनमध्ये कामाचं आयोडीन १ टक्का असतं, ५ टक्क्यांच्या बाटलीत अर्धा टक्का. पू, रक्त, मेलेली कातडी हे सगळं त्या आयोडीनला गिळतं. ते डोळ्यांनी दिसतं: गॉजवरचा तपकिरी रंग फिका पिवळा पडला की तिथलं आयोडीन संपलं. वरून आणखी ओतण्यापेक्षा आधी जखम नॉर्मल सलाईनने भरपूर धुवा, मग लावा आणि दोन-तीन मिनिटं राहू द्या. लावलं आणि लगेच पुसलं, तर जंतूंना फक्त रंग लागतो. थायरॉईडचा त्रास असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, तर मोठ्या जखमेवर रोज आयोडीन वापरण्याआधी डॉक्टरांना सांगा.

आणखी एक विचारा: स्वॅब घेतला कसा? न धुतलेल्या जखमेवरच्या पुवातून काडी फिरवली असेल, तर रिपोर्टात वरवर बसलेले जंतू येतात, आत रोग करणारा जंतू निसटू शकतो. आधी सलाईनने धुवायचं, मेलेला थर काढायचा, मग स्वच्छ लाल भागावर सुमारे एक चौरस सेंटीमीटर जागेत काडी पाच सेकंद दाबून फिरवायची, म्हणजे आतला द्रव वर येतो. डॉक्टरांनी आतल्या मांसाचा तुकडाच पाठवला तर त्याहून उत्तम. आणि जखमेभोवती लाली, सूज, ऊब, पू, ताप यातलं काहीच नसेल, तर कल्चरमध्ये जंतू निघाला म्हणून प्रतिजैविक लागतंच असं नाही. उघड्या जखमेवर जंतू असतातच. अंगठ्याखालची जखम तीन महिने न भरण्यामागे बहुधा त्या जागेवर रोज पडणारा शरीराचा भार, साखर आणि रक्तपुरवठा ही कारणं असतात. बाबांना त्या पायावर चालू देऊ नका, पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी करून घ्या. बोट काळं पडलं, लाली वर चढू लागली किंवा थंडी वाजून ताप आला, तर पुढच्या ड्रेसिंगची वाट न पाहता त्याच दिवशी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा तुमच्या सर्जनकडे न्या.

आमचं ३० खाटांचं रुग्णालय आहे. ड्रेसिंग ट्रॉलीवर चीटल फोर्सेप्सची (निर्जंतुक वस्तू उचलायच्या लांब चिमट्याची) बरणी आणि पातळ केलेल्या सॅव्हलॉनची बाटली असते. एनएबीएचच्या (रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) तपासणीत ‘वापरातलं जंतुनाशक तपासता का’ असं विचारलं. ही तपासणी कशी करतात? (इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर, धंतोली)

सिस्टर, हा प्रश्न सगळ्या छोट्या रुग्णालयांनी विचारायला हवा. या तपासणीला ‘इन-यूज टेस्ट’ म्हणतात. केल्सी आणि मॉरर यांनी ती १९६६ साली मांडली आणि आजही तिच्याइतकी स्वस्त, सोपी तपासणी दुसरी नाही. कंपनीचं द्रावण कारखान्यात काय करत होतं ते ती विचारत नाही. तुमच्या बरणीत आत्ता जिवंत जंतू आहेत का, एवढंच ती सांगते.

वापरून झालेल्या, म्हणजे बदलायच्या वेळेच्या द्रावणातलं १ मिली निर्जंतुक पिपेटने घ्या. ते ९ मिली न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या द्रवात) टाका. ब्रॉथमध्ये जंतुनाशकाचा उतारा, म्हणजे त्याचा जोर मोडणारा पदार्थ, असलाच पाहिजे: सॅव्हलॉनसारख्या सेट्रिमाइड-क्लोरहेक्झिडीनच्या मिश्रणाला ३ टक्के ट्वीन ८० आणि लेसिथिन, हायपोक्लोराइट आणि आयोडीनला अर्धा टक्का सोडियम थायोसल्फेट. उतारा नसेल तर द्रावण ब्रॉथमध्येही जंतूंना दाबून ठेवतं आणि खराब बरणी पास होते. मिसळल्यावर लगेच दोन न्यूट्रिएंट अगार (जंतू वाढवायची जेली) प्लेटवर प्रत्येकी दहा थेंब सोडा, एक थेंब ०.०२ मिलीचा. एक प्लेट ३७ अंशांवर तीन दिवस, दुसरी खोलीच्या तापमानाला सात दिवस. दहांपैकी पाचांहून जास्त थेंबांत वाढ दिसली, मग ती कोणत्याही एका प्लेटवर असो, तर द्रावण नापास. दहा थेंबांत मूळ द्रावण मिळून फक्त ०.०२ मिली असतं. म्हणजे सहा थेंबांत वाढ दिसली तर बरणीत मिलीलीटरला निदान तीनशे जिवंत जंतू आहेत.

नागपूरकरांसाठी यात एक मेख आहे. दुसरी प्लेट खोलीच्या तापमानाला ठेवतात ती पाण्यात राहणाऱ्या, २०-२५ अंशांत खुशीने वाढणाऱ्या जंतूंसाठी. मे महिन्यात आपल्या खोलीचा पारा ४२-४३ वर असतो. तिथे प्लेट ठेवली तर हे जंतू वाढत नाहीत, शिवाय सात दिवसांत अगार सुकून पापड होतो. ही प्लेट बीओडी इन्क्युबेटरमध्ये २२ ते २५ अंशांवर, झाकण खाली करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

आता नापास झालेल्या बरणीविषयी. पातळ सॅव्हलॉनमध्ये सापडणारा जंतू बहुधा स्यूडोमोनास असतो. सेट्रिमाइडला तो इतका सरावलेला आहे की प्रयोगशाळेत त्याला इतरांतून वेगळा काढायला सेट्रिमाइड घातलेलं अगारच वापरतात. बाकीचे मरतात, हा वाढतो. ट्रॉलीवरच्या बाटलीत तेच घडतं. अर्धी बाटली संपली की वरून नवं द्रावण ओतायचं, ही सवय सगळ्यात वाईट: तळाशी उरलेल्या जंतूंना रोज ताजं खाद्य आणि पातळ विष मिळतं. कापसाचे बोळे द्रावणात बुडवून ठेवले तर कापूसच सेट्रिमाइड शोषून घेतो. साबणाने धुवून नीट न विसळलेली बाटली असेल तर साबण आणि सेट्रिमाइड एकमेकांना निकामी करतात, क्लोरहेक्झिडीनचंही तेच. बोअरवेलच्या जड पाण्याने पातळ केलं तर जोर आणखी घटतो. आयोडीनलाही सूट नाही. अमेरिकेत १९८०च्या सुमारास पोविडोन आयोडीनच्या द्रावणातच तेव्हा स्यूडोमोनास कुळात धरला जाणारा सेपेशिया जिवंत सापडला होता.

आमचा सल्ला स्पष्ट आहे: चीटल फोर्सेप्सची बरणी ट्रॉलीवरून काढूनच टाका. प्रत्येक ड्रेसिंगला ऑटोक्लेव्ह केलेला सेट द्या. पातळ द्रावण हवंच असेल तर उकळून गार केलेल्या किंवा निर्जंतुक पाण्यात रोज नवं, निर्जंतुक बाटलीत, तारीख-वेळ लिहून करा आणि संध्याकाळी उरलेलं फेकून द्या. जखमेला मात्र असं ट्रॉलीवर बनवलेलं द्रावण लावूच नका. तिथे सीलबंद निर्जंतुक पाकीटच हवं.

मी एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस) आणि स्यूडोमोनासवर तीन अँटिसेप्टिकची चकती पद्धतीने तुलना केली. पोविडोन आयोडीनचा झोन ११ मिमी, क्लोरहेक्झिडीनचा १८, सेट्रिमाइड मिश्रणाचा २४. मिश्रण सर्वोत्तम असा निष्कर्ष काढला तर मॅडम म्हणाल्या, हे चालणार नाही. का? (विद्यार्थिनी, अमरावती रोड)

मॅडम बरोबर आहेत, आणि वेळेवर अडवलं हे चांगलंच झालं. झोन म्हणजे चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ. तो मोजतो ते द्रावण अगारमध्ये किती दूर पसरलं ते. क्लोरहेक्झिडीनवर धनभार असतो, अगारवर ऋणभार, म्हणून ते वाटेतच अडकतं. आयोडीन अगारमधल्या पेप्टोनशी भिडून खलास होतं. स्पिरिट उडून जातं. शिवाय झोनमध्ये जंतू मेले की नुसते वाढायचे थांबले हे कळत नाही, आणि अठरा तासांनी पाहिलेल्या झोनवरून जखमेवरच्या तीन मिनिटांविषयी काहीच बोलता येत नाही. प्रतिजैविकांच्या झोनना मागे ठरवून दिलेले तक्ते असतात. अँटिसेप्टिकला तसे मान्य आकडे नाहीत.

तुम्हाला हवी ती संख्यात्मक सस्पेन्शन चाचणी, म्हणजे द्रवात तरंगणारे जंतू द्रावणाने किती मरतात ते मोजणारी. युरोपच्या ईएन १३७२७ या मानकाचा सांगाडा घ्या. ते मुख्यतः हात, उपकरणं आणि पृष्ठभागांसाठी आहे, पण पद्धत शिकायला त्याहून चांगलं काही नाही. ठरलेले वाण (एटीसीसी म्हणजे अमेरिकी जंतुसंग्रहातला क्रमांक) म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी ६५३८, स्यूडोमोनास एरुजिनोसा एटीसीसी १५४४२ आणि एन्टेरोकॉकस हिरी एटीसीसी १०५४१. त्यांच्या जोडीला एमआरएसए एटीसीसी ४३३००, आणि सोय असेल तर एनडीएम असलेला क्लेबसिएला एटीसीसी बीएए-२१४६ घ्या. ऑरियसचा साधा आणि रोधी असे दोन वाण एकाच दिवशी, एकाच द्रावणावर शेजारी-शेजारी चालवले, तरच ‘रोधी जंतू जास्त टिकतो का’ याला उत्तर मिळतं. बहुतेक वेळा दोघं सारखेच मरतात, आणि हा निकालही छापण्याजोगा आहे. प्लास्मिडवरचा (जंतूतल्या सुट्या डीएनए-कड्यावरचा) रोध पुनःपुन्हा उपसंवर्धन करताना गळून पडू शकतो, म्हणून चाचणीच्या दिवशी रोध शाबूत आहे ना ते पाहा. एमआरएसएसाठी ३० मायक्रोग्रॅमची सेफॉक्सिटिन चकती लावा, झोन २१ मिमी किंवा कमी यायला हवा.

आदल्या दिवशीच्या ताज्या वाढीतून ट्रिप्टोन-मिठाच्या पाण्यात सस्पेन्शन करा. लिटरला ट्रिप्टोन १ ग्रॅम, मीठ ८.५ ग्रॅम. काचेचे मणी घालून हलवा, कारण गुठळ्या राहिल्या तर आतले जंतू वाचतात आणि दोष द्रावणाला लागतो. मिलीलीटरला १५ ते ५० कोटी जंतू हवेत. ०.५ मॅकफार्लंडचा (मॅकफार्लंड हे गढूळपणाचं माप) गढूळपणा म्हणजे साधारण १५ कोटी, म्हणजे त्याहून किंचित दाट. डोळ्यांवर विसंबू नका, प्रत्येक वेळी मोजणीची प्लेट लावा.

दुसऱ्या नळीत जखमेची नक्कल: बोवाइन अल्ब्युमिन आणि मेंढीच्या धुतलेल्या तांबड्या पेशी, अशा हिशेबाने की शेवटच्या मिश्रणात लिटरला अल्ब्युमिन ३ ग्रॅम आणि पेशी ३ मिली येतील. खऱ्या जखमेच्या स्रावात प्रथिनं याहून कितीतरी जास्त असतात, हे प्रबंधात लिहाच. या नक्कलद्रवाचं १ मिली आणि सस्पेन्शनचं १ मिली एकत्र करा, दोन मिनिटं थांबा, मग ८ मिली द्रावण घाला आणि घड्याळ सुरू करा. दहातले आठच भाग द्रावण असल्यामुळे बाजारात मिळणारं तयार द्रावण इथे ८० टक्क्यांवर तपासलं जातं, हेही नोंदवा. जखमेसाठी ३० सेकंद, १ मिनिट, ५ मिनिटं अशा वेळा घ्या. सगळं २० अंशांच्या वॉटरबाथमध्ये. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरच्या हवेतही खोली तिशीच्या वर असते, आणि उष्णतेने जवळपास प्रत्येक जंतुनाशकाचा जोर वाढतो. बर्फ घालून बाथ गार ठेवला नाही, तर मे महिन्यात पास झालेलं द्रावण डिसेंबरात नापास होईल.

वेळ भरली की मिश्रणातलं १ मिली काढून ८ मिली उतारा आणि १ मिली पाण्यात टाका. क्लोरहेक्झिडीन, सेट्रिमाइड आणि आयोडीन या तिघांना चालेल असा उतारा: लिटरला ट्वीन ८० ३० ग्रॅम, लेसिथिन ३ ग्रॅम, हिस्टिडीन १ ग्रॅम, सोडियम थायोसल्फेट ५ ग्रॅम. लेसिथिन थेट पाण्यात टाकलं तर गोळे तरंगत राहतात. ते आधी कोमट ट्वीनमध्ये विरघळवा. पाच मिनिटांनी १-१ मिलीच्या दोन प्लेट ओता, ट्रिप्टिक सोय अगार, ३७ अंश, ४८ तास.

सगळा प्रयोग उताऱ्यावर तरतो किंवा बुडतो. म्हणून तीन नियंत्रणं टाळायची नाहीत. पहिलं, द्रावणाऐवजी पाणी घालून जंतू जगतात का. दुसरं, नुसता उताराच जंतूंना मारत नाही ना. तिसरं सर्वांत महत्त्वाचं: द्रावण आणि उतारा आधी एकत्र करून पाच मिनिटांनी मोजके जंतू घालायचे. प्रत्येकात निम्मे तरी जंतू परत मिळायला हवेत. तिसऱ्यात ते मिळाले नाहीत, तर तुमची ‘शंभर टक्के मारकता’ प्लेटवर घडली आहे, नळीत नाही. क्लोरहेक्झिडीनच्या बाबतीत ही चूक सर्रास होते.

हिशेब असा. सस्पेन्शनमध्ये मिलीलीटरला २० कोटी जंतू असतील तर मिश्रणात दसपट पातळ होऊन २ कोटी, लॉग (दहाचा घातांक) ७.३०. शेवटच्या प्लेटवर शून्य वसाहती आल्या तरी ‘शून्य’ लिहायचं नाही. चौदाच्या खालचा आकडा विश्वासार्ह धरत नाहीत, म्हणून ‘१४ पेक्षा कमी’, आणि उताऱ्यात दसपट पातळ झालं होतं म्हणून ‘१४० पेक्षा कमी’, लॉग २.१५. घट ५.१५ पेक्षा जास्त. मानकाची अट ५ लॉगची, म्हणजे लाखात एकच वाचावा. वेगवेगळ्या दिवशी नव्या सस्पेन्शनने तीनदा करा. एकाच दिवशीच्या तीन नळ्या म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

आणि आयोडीनची एक चक्रावणारी गोष्ट तुमच्या आलेखात दिसेल: १० टक्क्यांचं पोविडोन आयोडीन शंभरपट पातळ केलं तर स्वच्छ पाण्यात ते जंतूंना जास्त वेगाने मारतं. दाट द्रावणात आयोडीन पोविडोनने धरून ठेवलेलं असतं, पातळ केल्यावर मोकळं आयोडीन वाढतं. पण साठा शंभरावा हिस्साच असल्यामुळे अल्ब्युमिन आणि पेशी घातल्या की काही सेकंदांत संपतं. तीच मालिका प्रथिनांसह आणि प्रथिनांशिवाय चालवा. झोनच्या तुलनेपेक्षा प्रबंध कितीतरी वजनदार होईल.

सस्पेन्शन चाचणीत उत्तीर्ण म्हणून कंपनी जे द्रावण देते, तेच मी वापरतो. तरीही भाजल्याच्या जुन्या जखमा हिरवट राहतात, गोडसर वास येतो. स्यूडोमोनास रोधी झाला असं समजायचं का? (जनरल प्रॅक्टिशनर, उमरेड)

डॉक्टर, हिरवा रंग आणि द्राक्षासारखा गोडसर वास यावरून अंदाज बरोबर दिसतो, पण रोधाआधी बायोफिल्मचा विचार करा. नळीतल्या चाचणीत जंतू सुटे तरंगत असतात. जुन्या जखमेत ते स्वतःच्या चिकट थरात गाडलेले असतात. द्रावण त्या थरातच संपतं आणि तळचे जंतू जवळजवळ झोपलेले असल्यामुळे सहज मरत नाहीत. साधा, संवेदनशील जंतूही तिथे हट्टी वागतो.

म्हणून कंपनीला विचारायचा प्रश्न असा: बायोफिल्मवर चाचणी झाली का, कोणत्या पद्धतीने, किती तासांच्या फिल्मवर, प्रथिनं घालून का? एक मान्य पद्धत झाकणाला ९६ खुंट्या असलेल्या प्लेटची. खुंट्यांवर साधारण २४ तास फिल्म वाढवतात, धुतात, द्रावणात बुडवतात, उताऱ्यात नेतात, ध्वनिलहरींनी फिल्म सोडवून जिवंत जंतू मोजतात. फक्त क्रिस्टल व्हायोलेटचा जांभळा रंग दाखवला असेल तर मान्य करू नका. तो मेलेल्या थरालाही तितकाच चढतो.

जखमेवर मात्र सर्वांत मोठं हत्यार तुमच्या हातातलं आहे: क्युरेट, ब्लेड, ओली गॉज. पिवळा-पांढरा थर खरवडून काढा आणि लगेच अँटिसेप्टिक द्या. बायोफिल्म दोन-तीन दिवसांत पुन्हा जमतो, तो कोवळा असतानाच द्रावण पोहोचतं. स्यूडोमोनासवर १ टक्का ॲसेटिक ॲसिड जुनं, स्वस्त आणि गुणाचं आहे. फार्मासिस्टकडून करून घ्या: १० मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड निर्जंतुक पाण्यात सावकाश ओतून १ लिटर पूर्ण करायचं. पाणी ॲसिडवर ओतायचं नाही. भिजवलेली गॉज १०-१५ मिनिटं ठेवा, झोंबतं म्हणून आधी रुग्णाला सांगा, आणि हिरवेपणा गेला की थांबवा. सिल्व्हर सल्फाडायझीन वापरत असाल तर त्याचा जमणारा पांढरट पापुद्रा रोज पूर्ण धुवून काढा. तोच पू समजून फसगत होते, आणि तो राहिला तर नवं मलम जखमेपर्यंत पोहोचत नाही. पेशंटला नुसता ‘रोधी जंतू’ सांगून आणखी वरचं इंजेक्शन सुरू करण्याआधी हे आठ-दहा दिवस जरूर करून पाहा. मात्र ताप आला किंवा लाली पसरू लागली तर थांबू नका, लगेच भाजलेल्यांच्या युनिटकडे पाठवा.

हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फसफसतं, म्हणजे जंतू मरतात ना? हळद भरली तर? (गृहिणी, मनीषनगर)

ताई, फेस येतो तो रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटालेज विकरामुळे, पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होताना. स्टॅफिलोकॉकसकडेही कॅटालेज असतं. म्हणजे फेस दिसतो तेव्हा औषध संपत असतं, आणि भरू लागलेल्या कोवळ्या पेशीही होरपळतात. खोल, अरुंद तोंडाच्या जखमेत तर ते कधीच भरू नका, वायू रक्तात शिरू शकतो. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, तिच्यात जंतूंचे बीजाणू असतात. साध्या कापल्याला वाहतं स्वच्छ पाणी पाच-दहा मिनिटं आणि स्वच्छ पट्टी पुरते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून पाहा.

वॉर्डात कॅनमधलं हायपोक्लोराइट वापरतो. लेबलवर ५ टक्के आहे. रोधी जंतू निघालेल्या पेशंटचा बेड पुसायला किती पाणी घालायचं? फिनाईलवर ‘आरडब्ल्यूसी’ आकडा असतो, तो जास्त असला की चांगलं ना? (हाउसकीपिंग सुपरवायझर, मानेवाडा)

एक भाग द्रावण आणि नऊ भाग पाणी म्हणजे अर्धा टक्का. एक भाग आणि चार भाग पाणी म्हणजे १ टक्का, हे रक्त सांडलेल्या जागेसाठी. आधी साबणपाण्याने पुसून मळ काढा, साबण पुसून घ्या, मग हायपोक्लोराइट लावून दहा मिनिटं ओलं राहू द्या. ॲसिनेटोबॅक्टर हा जंतू कोरड्या रेलिंगवर आठवडेच्या आठवडे जगतो, म्हणून रेलिंग, लॉकरची कडी, आयव्ही स्टँड, बेलचं बटण आधी, फरशी शेवटी.

पण तुमच्या कॅनमध्ये खरंच ५ टक्के उरले आहेत का? उन्हाने आणि उष्णतेने क्लोरीन उडतो. दर दहा अंशांनी हा वेग तिपटीच्याही पुढे वाढतो. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेल्या कॅनवर लेबलाचा हिशेब लावू नका. उपलब्ध क्लोरीन मोजणाऱ्या पट्ट्या आणा, दर आठवड्याला मोजा, छोटे कॅन मागवा, काळोख्या थंड खोलीत ठेवा आणि पातळ द्रावण रोज ताजं करा. हायपोक्लोराइटमध्ये टॉयलेटचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. आणि हे फरशीचं द्रावण कुणाच्याही जखमेवर जाऊ देऊ नका. पहिल्या महायुद्धात रसायनशास्त्रज्ञ डाकिन आणि सर्जन कॅरेल यांनी जखमेसाठी वापरलं ते अर्धा टक्का द्रावण मोजून-मापून तयार केलेलं, दाहकता कमी केलेलं होतं.

आरडब्ल्यूसी म्हणजे रिडियल-वॉकर गुणांक. ही १९०३ सालची चाचणी: फिनॉलच्या तुलनेत तुमचं फिनाईल टायफॉइडच्या जंतूला किती पातळ असतानाही मारतं, एवढंच ती सांगते. त्यात ना पू असतो, ना एमआरएसए, ना रेलिंग. फिनाईलच्या दोन डब्यांची तुलना करायला तो आकडा ठीक आहे. रोधी जंतूंच्या खोलीसाठी त्यावरून काही ठरवू नका.

अकरावी-बारावीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं जखमेतला पू आणून त्यावर डेटॉल, कडुनिंब, हळद तपासणार आहेत. प्लेट आम्ही देऊ शकतो. काय काळजी घ्यावी? (शिक्षक, कनिष्ठ महाविद्यालय, काटोल)

सर, पू आणू देऊ नका. प्लेटवर वाढवलं की एका थेंबातल्या रोधी जंतूंचे कोट्यवधी होतात, आणि ते काम जैवसुरक्षा पातळी दोनच्या प्रयोगशाळेचं, प्रशिक्षित हातांचं आहे. मुलांचा उत्साह खरा आहे, त्याला दुसरी वाट द्या. बेकरीचं यीस्ट घ्या. कोमट साखरपाण्यात एक चमचा यीस्ट फेसाळू द्या आणि सारख्या बाटल्यांत वाटून द्या. एकीत पाणी, एकीत मापाने पातळ केलेलं डेटॉल, एकीत तेवढंच डेटॉल पण सोबत दोन चमचे दूध. तोंडावर फुगे लावा आणि दर दहा मिनिटांनी फुग्याचा घेर दोऱ्याने मोजा. दूध घातलेल्या बाटलीचा फुगा किती फुगतो ते पाहिलं की पू जंतुनाशकाला कसा खातो हे मुलांना हाताने मोजता येईल. डेटॉलचं माप दोन-तीन वेगवेगळं घेऊन पाहा. फार दाट घेतलं तर डेटॉलच्या दोन बाटल्यांतला फरक दिसायचाच नाही, फक्त पाण्याची बाटली फुगेल.